समीक्षकांनी डोक्यावर घेतलेले ओपन-वर्ल्ड गेम खरंच तेवढ्या लायकीचे आहेत का?

बर्डी_ते_वेलेन (प्रश्न)

राजेहो, ओपन-वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगात कुठेही हिंडता येणाऱ्या गेमबद्दल एक सरळ प्रश्न. विचर ३, रेड डेड रिडेम्प्शन २, एल्डन रिंग, ब्रेथ ऑफ द वाइल्ड. मेटाक्रिटिकवर (समीक्षांच्या गुणांची सरासरी काढणारी साइट) सगळ्यांचे आकडे नव्वदीच्या पुढे, रेड डेड २ आणि ब्रेथ ऑफ द वाइल्ड तर ९७ वर. सध्या पहिले दोन लॅपटॉपवर खेळून राहिलो. विचर ३ मध्ये वेलेन या प्रदेशात आहो, लेव्हल ९. नकाशा उघडला की प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं, आणि बहुतेक ठिकाणी तेच ते: चार राक्षस मारा, पेटी उघडा, आहे त्यापेक्षा हलकी तलवार घ्या. रेड डेडमध्ये दुसरा चॅप्टर चालू आहे. मिशनने आखलेल्या वाटेवरून थोडं बाजूला गेलं की 'फेल'. एवढं मोठं जग बांधलं आणि त्यात चालायचं मात्र रुळावरून?

कौतुक नेमकं कशाचं आहे ते कोणी नीट सांगा. आणि खेळण्याच्या पद्धतीत किंवा सेटिंगमध्ये काही बदललं तर फरक पडतो का? लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०५०, ४ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी), १६ जीबी रॅम. मे महिना आहे, त्यामुळे तोही तापून राहिला.

अंबाझरीवाली

भाऊ, दोन वेगळे प्रश्न तुम्ही एकात बांधले. जग किती चांगलं घडवलंय हा एक, आणि त्या जगात खेळाडूच्या हाती काय दिलंय हा दुसरा. समीक्षेत पहिल्यालाच जास्त गुण मिळतात, कारण तो पहिल्या वीस तासांत दिसतो. दुसरा पन्नासाव्या तासाला कळतो.

दुसऱ्यासाठी माझी एकच कसोटी आहे: मिनीमॅप (कोपऱ्यातला छोटा नकाशा) आणि दिशा दाखवणारा बाण बंद करून गेम खेळता येतो का? २००२ च्या मोरोविंडमध्ये येतो. तिथलं पात्र तुम्हाला रस्ता सांगतं: अमक्या दिशेने निघा, पूल ओलांडा, फाट्यावर वळा. तेच जर्नलमध्ये उतरतं. बर्डीत टेकडी गणपती विचारला तर माणूस जसा स्टेशनची खूण धरून सांगतो, अगदी तसं. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये होकायंत्रावर बाण आला आणि लेखकांनी रस्ता सांगणं सोडलं. २०११ च्या स्कायरिममध्ये बाण बंद करून पाहा. बऱ्याच क्वेस्टमध्ये (गेमने दिलेल्या कामगिरीत) जर्नल फक्त 'अमकी वस्तू तमक्या गुहेतून आणा' एवढंच म्हणतं. गुहा कुठे आहे हे कोणी बोलतच नाही. म्हणजे बाण ही सोय राहिली नाही, गेमचा पाया झाली.

विचर ३ या कसोटीत अर्धा पास होतो. त्यातला सगळ्यात मोठा दोष मला विचर सेन्सेसचा वाटतो. ताडोबात गाईड वानराचा, चितळाचा कॉल ऐकतो, पगमार्क किती ताजा आहे ते पाहतो आणि मग वाघ कुठल्या बाजूला गेला ते सांगतो. विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा, त्याचा धंदाच माग काढण्याचा आहे, पण गेममध्ये बटण दाबून धरलं की पावलं लाल चमकतात आणि त्यांच्यामागे चालायचं. विचार जेराल्ट, म्हणजे तुमचं पात्र, मोठ्याने बोलून करतो, तुम्ही करत नाही.

आता त्याचं खरं बळ. व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्या प्रदेशातलं 'डेव्हिल बाय द वेल' हे कॉन्ट्रॅक्ट (राक्षस मारायची सुपारी) आठवा. ओसाड गाव, विहीर, विहिरीत सापडणारं ब्रेसलेट, ते प्रेतासोबत जाळायचं, मग नूनरेथ ही भुतीण समोर येते. ती हवेसारखी विरते, म्हणून जमिनीवर यर्डेन हा मंत्र टाकायचा. त्या वर्तुळात ती घट्ट होते आणि चांदीच्या तलवारीला लागते. तलवारीवर भुतांसाठीचं स्पेक्टर ऑइल. कथा, बेस्टियरी (राक्षसांच्या नोंदी) आणि लढाई तिन्ही एकमेकांत गुंफलेल्या आहेत. पण सोप्या डिफिकल्टीवर नुसते वार केले तरी ती मरते, मग हे विणकाम दिसणारच कसं? म्हणून डिफिकल्टी किमान तिसरी ठेवा, ब्लड अँड ब्रोकन बोन्स.

प्रश्नचिन्हांचं म्हणाल तर सगळी सारखी नाहीत. प्लेसेस ऑफ पॉवर घ्याच, प्रत्येक ठिकाणी पहिल्या वेळी एक अॅबिलिटी पॉइंट मिळतो. ट्रेझर हंटच्या चिठ्ठ्यांतून येणारे विचर गिअरचे आराखडे घ्या. ग्रिफिनचा पहिला संच लेव्हल ११ चा आहे, म्हणजे तुमच्या तोंडाशी आला. दरोडेखोरांचे तळ आणि राखलेल्या पेट्या सोडून द्या. तिथला माल लेव्हल पाहून यदृच्छया निघतो, आराखड्याच्या तलवारीपुढे टिकत नाही. स्केलिगेच्या समुद्रातले स्मगलर्स कॅशे तर एकही नको: बोटीवर सायरन झडप घालतात, खाली पेट्यांत विकाऊ भंगार, आणि ते उचललं की वजन मर्यादेबाहेर जाऊन जेराल्टला धावता येत नाही.

नकाशाच्या फिल्टरमधून प्रश्नचिन्हं झाका, एचयूडीच्या (पडद्यावरच्या खुणांच्या) यादीतून मिनीमॅप काढा. गावात गेलं की नोटीस बोर्ड वाचायचा आणि तिथलं कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं. वेलेन एकदम वेगळं वाटेल.

सदर_लेव्हल_९९

ताईंच्या यादीला एक जोड. विचर ३ मध्ये तुमच्या लेव्हलपेक्षा सहाने खालची क्वेस्ट करड्या रंगाची होते आणि तिचा अनुभव जवळपास शून्य मिळतो. पर्याय समोर दिसतो, गेमप्ले सेटिंगमध्ये एनिमी अपस्केलिंग चालू करायचं. पण ते चालू केलं की उंदीर आणि कुत्रेही तुमच्या लेव्हलचे होतात आणि एखाद्या गल्लीत कुत्र्यांची टोळी बॉसपेक्षा जड जाते. ते बंदच राहू द्या. त्यापेक्षा करडी पडायच्या आधी साइड क्वेस्ट उरकायच्या. वेलेनमध्ये ब्लडी बॅरनची क्वेस्ट पूर्ण करा, मग नोविग्राड शहर.

टेकडीरोड_आर्थर

रेड डेडबद्दल बोलतो, कारण मला त्या गेमचं कौतुकही पटतं आणि तक्रारही.

तक्रार शंभर टक्के खरी. रॉकस्टारची मिशन बांधायची पद्धत जुनीच आहे: घोडा इथे बांधा, या भिंतीआड बसा, हा माणूस मारा. मागच्या बाजूने शिरलात तर मिशन फेल. २०१३ च्या जीटीए ५ मध्ये हेच होतं, २०१८ च्या रेड डेड २ मध्येही हेच आहे. जग एका टीमने बांधलं आणि मिशन दुसऱ्याच टीमने लिहिली असं वाटावं इतका फरक. समीक्षकांनी यावर जास्त बोट ठेवायला पाहिजे होतं.

पण मिशनच्या बाहेर त्या जगाचे नियम पक्के आहेत, आणि ते शिकायला वेळ दिला पाहिजे. शिकार घ्या. जनावराला एक ते तीन तारे असतात. परफेक्ट कातडं फक्त तीन ताऱ्यांच्या जनावराचं मिळतं, तेही योग्य हत्याराने आणि एका नेमक्या गोळीत मारलं तर. आधी दुर्बिणीतून पाहून तारे मोजा. सशाला स्मॉल गेम अॅरो किंवा व्हारमिंट रायफल. हरणाला धनुष्य किंवा रायफल, नेम डोक्यावर. शॉटगन वापरली की कातडं गेलंच. वाऱ्याची दिशाही पाहायची, वारा तुमच्या पाठीकडून जनावराकडे वाहत असेल तर ते वास घेऊन पळतं. यातलं काहीही बाण दाखवून होत नाही. ताई म्हणतात ती माग काढण्याची कसोटी लावायची तर विचर ३ पेक्षा रेड डेड २ पुढे आहे.

जिथे लोक कंटाळतात त्या तीन गोष्टी लगेच दुरुस्त होतात. धावायला सारखं बटण बडवावं लागतं, कंट्रोल्समध्ये टॉगल टू रन करा. फास्ट ट्रॅव्हल (न चालता थेट दुसऱ्या जागी जाणं) नाही असं वाटतं, पण आहे: कॅम्पच्या लेजरमध्ये (हिशोबाच्या वहीत) आधी टोळीप्रमुख डचचा तंबू सुधारा, मग आर्थरचा, म्हणजे तुमच्या पात्राचा, की आर्थरच्या जागेपाशी नकाशा येतो. तोपर्यंत रेल्वे आणि स्टेजकोच वापरा. आणि रडार: कंट्रोलरचा डी-पॅड खाली दाबून धरा, तिथे रडार काढून फक्त होकायंत्र ठेवता येतं. रस्त्यांच्या फाट्यांवर पाट्या लिहिलेल्या आहेत, त्या वाचत जा. दोन-चार फेऱ्यांत व्हॅलेंटाइन गावाचा रस्ता पाठ होतो.

चॅप्टर २ लवकर संपवू नका. पूर्ण गेममध्ये इतकी मोकळीक पुन्हा सलग मिळत नाही.

बर्डी_ते_वेलेन

ताई, आर्थरभाऊ, धन्यवाद. मिनीमॅप काढला. पण एक कळून नाही राहिलं. मिशनचा हा दोष एवढा उघड आहे, तर समीक्षकांना ९७ देताना दिसला कसा नाही? आणि ब्रेथ ऑफ द वाइल्ड, एल्डन रिंग या कसोटीत कुठे बसतात?

अंबाझरीवाली

दिसतो, पण घाईत दिसतो. समीक्षेची कॉपी साधारणपणे रिलीजच्या थोडेच दिवस आधी हाती येते आणि गेम साठ, ऐंशी, शंभर तासांचा असतो. मग मुख्य कथा धरून पळायचं. मुख्य कथा हाच सगळ्यात घासूनपुसून केलेला भाग. त्यातून जो रेंगाळणारा खेळाडू आहे, त्याचा चाळिसावा तास समीक्षेत येतच नाही. सायबरपंक २०७७ चं उदाहरण तर सगळ्यांसमोर आहे. डिसेंबर २०२० मध्ये रिलीजच्या आधी फक्त पीसीची कॉपी दिली गेली, समीक्षकांना स्वतःचं फुटेज दाखवायची परवानगी नव्हती. पीसीवरचे गुण पाहून जुन्या कन्सोलवाल्यांनी पैसे भरले आणि आठवडाभरात सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला. जून २०२१ मध्ये परत आला. सप्टेंबर २०२३ चा २.० अपडेट आला तेव्हा पर्क्स (पात्राची कौशल्यं), पोलीस, शत्रूंची लेव्हल हे सगळं नव्याने बांधलेलं होतं. म्हणजे आकडा एका तारखेचा आणि एका मशीनचा असतो. तो वाचताना तारीख पाहायची.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड. माझ्या मते याला मिळालेलं कौतुक सगळ्यात जास्त रास्त आहे, आणि त्याच्यातला दोषही सगळ्यात दुर्लक्षित.

सुरुवातीच्या ग्रेट प्लॅटो या पठारावर चार श्राइन (कोड्यांची छोटी देवळं) करायचे, पॅराग्लायडर मिळतो, आणि पुढे सगळं उघडं. थेट शेवटच्या किल्ल्यातही जाता येतं. सेमिनरी हिल्सवर उभं राहून खालचं शहर पाहावं तसं तुम्ही वर उभे असता, आणि डोळ्याला जे खुणावतं तिकडे निघता. खूण तुम्ही स्वतः लावता, गेम लावत नाही. ऑप्शन्समध्ये एचयूडी मोड 'प्रो' करा: हृदयं सोडून पडद्यावर काही राहत नाही आणि तरीही काही अडत नाही. कसोटीत पूर्ण पास.

त्याच्या खाली पदार्थांचे नियम आहेत. गवत पेटवलं की गरम हवा वर उठते, त्यावर पॅराग्लायडर उघडून उंच जाता येतं. वादळात धातूची तलवार पाठीवर असेल तर वीज पडते. म्हणून ती काढून शत्रूच्या दिशेने फेकायची, वीज त्याच्यावर पडते. पावसात कडे निसरडे होतात, तेव्हा चढाई सोडून दुसरा रस्ता शोधायचा. हे नियम सगळीकडे सारखे लागू होतात, त्यामुळे एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे कामी येतं.

दोष बक्षिसात आहे. शोध घेऊन शेवटी मिळतं काय? बहुतेक वेळा श्राइन, कोरोक या लपून बसलेल्या जीवाचं बी, नाहीतर थोड्या वारांत तुटणारी तलवार. श्राइन १२०, त्यातल्या चारांमागे एक हृदय किंवा स्टॅमिना. कोरोक ९००, पण सामानाच्या सगळ्या जागा उघडायला ४४१ पुरतात. उरलेले निव्वळ वाटेत भेटावेत म्हणून पेरलेले आहेत. सगळे गोळा करायला बसलात तर गेमने मांडलेलाच नाही असा खेळ खेळाल. शत्रूंच्या जातीही मोजक्या, बोकोब्लिन सगळीकडे तोच, फक्त रंग बदलतो. पन्नास-साठ तासांनी थांबलात तर हा गेम फार मोठा आहे. दीडशे तास ओढलात तर त्याची हाडं दिसतात.

महाल_वाड्याचा_ग्रेस

एल्डन रिंग मी घेतो.

फेब्रुवारी २०२२ चा गेम. क्वेस्टची यादी नाही, बाण नाही. ग्रेसमधून, म्हणजे विसाव्याच्या जागेतून, सोनेरी प्रकाशाची रेघ निघते ती तेवढी मुख्य दिशा दाखवते. सुरुवातीलाच ट्री सेंटिनेल घोड्यावर फिरतो आणि लोक त्याच्याशी लढत तास घालवतात. तो तिथे ठेवलाय तो वळसा घालायला शिकवण्यासाठी. गेटफ्रंटच्या ग्रेसपाशी बसा, मेलिना येते, टॉरेंट हा घोडा मिळतो. मग रात्री चर्च ऑफ एल्लेहला परत जा, रेन्नाकडून स्पिरिट कॉलिंग बेल (लढाईत मदतीला आत्मे बोलावणारी घंटा). ही घंटा न घेता मार्गिट या पहिल्या मोठ्या बॉसशी भिडणारे बरेच दिसतात आणि मग गेम अन्याय करतो म्हणतात.

मार्गिटपाशी अडकलात तर दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला फिरा. व्हिगर (जीव वाढवणारा गुण) २० ते २५ पर्यंत न्या. हत्यार अधिक तीनवर न्यायला स्मिदिंग स्टोन १ लागतात दोन, चार आणि सहा, म्हणजे बारा. लिमग्रेव्ह टनेल्समध्ये भिंतीत चमकताना दिसतात. लेव्हलपेक्षा हत्याराचा दर्जा जास्त नुकसान वाढवतो, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. राजधानी लेंडेलला जायच्या आधी व्हिगर ४०. त्याखाली राहिलात तर एकेका वारात मराल आणि दोष स्वतःच्या हाताला द्याल.

आता कौतुकाची मर्यादा. लिमग्रेव्ह, लिउर्निया, आल्टस हे तीन प्रदेश आणि स्टॉर्मव्हेल, लेंडेलसारखे किल्ले म्हणजे या प्रकारातलं सगळ्यात कसदार काम. स्टॉर्मव्हेलच्या छपरांवरून फिरताना एकाच खोलीत तीन वाटांनी शिरता येतं. पण कॅटाकोम्ब (भुयारी थडगी) आणि गुहा दहा-बाराच्या पुढे त्याच खोल्या, तेच बॉस. अर्डट्री अवतार हा बॉस किती वेळा येतो ते मोजा. माउंटनटॉप्स या शेवटाकडच्या प्रदेशाला पोचेपर्यंत जमीन मोठी आणि तिच्यातलं धान्य विरळ झालेलं असतं. सुरुवातीच्या लेखांत हा भाग फारसा नव्हता, कारण ताई म्हणाल्या तेच.

दुसरा दोष, पात्रांच्या क्वेस्ट. पात्र जागा बदलतं आणि कुठे गेलं ते सांगत नाही, तुम्ही पुढचा बॉस मारला की त्याची गोष्ट तुटते. मोरोविंडचं पात्र निदान रस्ता सांगायचं. मार्च २०२२ च्या १.०३ पॅचने नकाशावर भेटलेल्या पात्रांची नावं दिसू लागली, म्हणजे बनवणाऱ्यांनाही ते जाणवलं होतं. बाण नसणं चांगलंच, पण बाणाच्या जागी भाषा पाहिजे. ती इथे कमी आहे.

ज्यांना बाणही नको आणि भाषाही पाहिजे त्यांनी २०१८ चा किंगडम कम: डिलिव्हरन्स हार्डकोर मोडमध्ये पाहा. नकाशा आहे, पण तुम्ही त्यावर कुठे आहात ते दाखवत नाही. नदी, चर्चचा मनोरा, चौरस्ता यांवरून अंदाज घ्यायचा. लढाई जड आहे, सेव्ह करायला पेय लागतं, पण जग वाचायला लावणारा असा गेम दुर्मीळ.

फुटाळा_फ्रेम्स

लॅपटॉपचं कोणी सांगितलं नाही, म्हणून लिहितो. बाहेर ४५ अंश असताना कूलर लावूनही खोली ३५ च्या खाली जाणं कठीण. खोली दहा अंशांनी तापली तर जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिपही, जवळपास तेवढाच वर जातो. लॅपटॉपचे एनव्हिडिया जीपीयू साधारण ८७ अंशांवर स्वतःचा वेग कापतात, आणि मग घोडा पळवताना सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम ६० वरून ३५ वर आपटतात. गेम वाईट वाटायला तेवढंच पुरतं.

पहिलं काम, एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅक्स फ्रेम रेट ४५ लावा. स्थिर ४५ हे वरखाली होणाऱ्या ६० पेक्षा डोळ्याला बरे आणि उष्णता बरीच कमी. दुसरं, लॅपटॉपचा मागचा भाग दोन-तीन सेंटिमीटर उचला. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, पाण्याचे तुषार आत जातात. जमलं तर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेजची रेघ उघडा, ८५० मिलिव्होल्टच्या आसपास ती सपाट करा आणि अर्धा तास गेम चालवून पाहा. क्रॅश झाला तर क्लॉक थोडा उतरवा, व्होल्टेज तेच ठेवा.

विचर ३ च्या लाँचरमध्ये डायरेक्टएक्स ११ निवडा. डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर १२ वर रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश) मिळतं, पण ४ जीबीच्या कार्डाला ते झेपत नाही आणि शहरात झटके बसतात. हेअरवर्क्स (केसांचे इफेक्ट) बंद. रेड डेडमध्ये एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद, पाण्याची फिजिक्स अर्ध्याच्या खाली, व्हॉल्युमेट्रिक (धुकं-प्रकाश) मध्यम. टेक्सचर मात्र सगळ्यात शेवटी कमी करा, अल्ट्राच्या खाली दगड-माती मातकट दिसते. जागा १५० जीबी लागते, एसएसडीवरच टाका. एल्डन रिंग पीसीवर ६० च्या वर जातच नाही, तिथे गवत आणि सावल्या कमी केल्या की पुरे.

आणि पुढचा गेम घेताना हे ध्यानात ठेवा: स्टीमवर परतावा १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तरच मिळतो. रेड डेडचा बर्फातला पहिला चॅप्टरच साधारण तेवढ्या वेळाचा आहे. व्हाइट ऑर्चर्ड त्याहून लांब. म्हणजे ओपन वर्ल्ड उघडायच्या आतच परताव्याची मुदत संपते. असे गेम सेलमध्येच घ्यावे.

बर्डी_ते_वेलेन

फ्रेम्सभाऊ, ४५ लावले, तापमान ८७ वरून ७८ वर आलं. ताई, प्रश्नचिन्हं झाकून नोटीस बोर्डवरून एक कॉन्ट्रॅक्ट घेतलं. पैशाची घासाघीस करता येते हेच माहीत नव्हतं. आता शेवटचं: आधी विचर संपवू का रेड डेड? दोन्ही अर्धवट ठेवून फिरणं बरं नाही वाटत.

अंबाझरीवाली

विचर. त्याचा धागा तुटला की नावं आणि राजकारण विसरायला होतं, नोविग्राडमध्ये परत यायला जड जातं. मुख्य कथा संपवा, मग हार्ट्स ऑफ स्टोन हा विस्तार, मग ब्लड अँड वाइन हा दुसरा, याच क्रमाने. घासाघीशीत रागाची पट्टी निम्म्यावर आली की आकडा थोडा खाली घ्या. पट्टी पूर्ण भरली तर समोरचा बोलणंच तोडतो. रेड डेड चॅप्टर २ मध्येच सेव्ह करून ठेवा. पावसाळ्यात उघडा, तेव्हा लॅपटॉपलाही हायसं वाटेल आणि शिकारीला घाई राहणार नाही.

टेकडीरोड_आर्थर

सहमत. फक्त सेव्ह करताना हाताने वेगळ्या स्लॉटमध्ये करा, ऑटोसेव्हवर राहू नका. आणि ठेवून द्यायच्या आधी टोळीतल्या होझियाबरोबरचं अस्वलाच्या शिकारीचं मिशन करून घ्या. लेजंडरी जनावरं त्यानंतरच उघडतात.